विश्लेषण : ‘डी’ दाबले की नवे फोल्डर तयार होते की जुने पुसले जाते? शॉर्टकटमध्ये सातत्य का हवे?

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. प्रभागरचनेवरच्या बातमीसाठी दोन आठवडे जमवलेल्या नोंदी लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये होत्या. त्याच्या शेजारी आणखी एक फोल्डर करायचे होते. मी सवयीने ‘डी’ दाबले. पडद्याच्या तळाशी काहीतरी प्रश्न आला. असे प्रश्न दिवसातून दहा वेळा येतात आणि दहाही वेळा त्यांना ‘वाय’ म्हणायचे असते. मी ‘वाय’ दाबले. नवे फोल्डर झाले नाही. होते ते मात्र गेले, आणि रीसायकल बिनमध्येही नव्हते.

दोन दिवसांपूर्वीची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून बरेच वाचले. पण त्या दोन दिवसांत फोनवर झालेल्या बोलण्याच्या नोंदी गेल्याच. त्याच लोकांना पुन्हा फोन करून, माफी मागून, तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागले. बातमी एक दिवस पुढे गेली.

चूक माझीच होती. पण ती निष्काळजीपणातून नव्हे, सवयीतून झाली. आठवडाभरापूर्वी मी एडिटरमध्ये फाईल पाहण्याचे नवे साधन बसवले होते. जुन्या साधनात ‘डी’ म्हणजे नवे फोल्डर. नव्यात ‘डी’ म्हणजे डिलीट. डोक्याला हा फरक माहीत होता, बोटांना नव्हता.

टेक्स्ट एडिटर म्हणजे काय आणि त्यात फाईल ‘पाहायची’ कशी?

टेक्स्ट एडिटर म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याचे साधन. फॉन्ट, रंग, समास यांची भानगड नाही. प्रोग्रामर यातच कोड लिहितात. माझ्यासारखे काही पत्रकार नोंदी आणि आकड्यांच्या याद्या ठेवतात. विंडोजमधले नोटपॅड हे त्याचे सर्वांत साधे रूप. व्हीएस कोड, सबलाइम टेक्स्ट, विम, निओव्हिम, ईमॅक्स ही मोठ्या कामाची नावे.

मोठ्या कामात फाईल एक नसते, शेकडो असतात. त्यामुळे लिहिण्याइतकेच काम फाईल शोधण्याचे, उघडण्याचे, दुसरीशेजारी ठेवण्याचे, नाव बदलण्याचे असते. ते माउसने करता येते, पण दर वेळी कीबोर्डवरून हात उचलावा लागतो. म्हणून शॉर्टकट. एका बटणाने फाईल उघडायची, दुसऱ्याने शेजारी उघडायची, तिसऱ्याने एक फोल्डर वर जायचे.

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल आणि ‘आपला काय संबंध’ असे वाटत असेल तर एक आठवण करून देते. सॅमसंगच्या फोनवर पडद्याच्या तळाची तीन बटणे असतील तर ‘बॅक’ मुळात उजवीकडे असते. इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते डावीकडे असते. ज्याने फोन बदलला आहे त्याने पहिले काही दिवस मागे जायचे म्हणून भलतेच बटण दाबले आहे. फोनवर त्याची किंमत एक वैताग. फाईलच्या कामात कधी कधी एक फोल्डर.

गोंधळ नेमका कुठे आहे?

‘डी’पासूनच सुरुवात करू. विमसोबत ‘नेटआरडब्ल्यू’ नावाचा फाईल ब्राउझर येतो. त्यात लहान ‘डी’ नवे फोल्डर बनवतो आणि कॅपिटल ‘डी’ फाईल पुसतो. निओव्हिमसाठी लोकप्रिय असलेल्या ‘एनव्हिमट्री’मध्ये लहान ‘डी’ फाईल कायमची पुसतो, तर कॅपिटल ‘डी’ ती ट्रॅशमध्ये टाकतो. ईमॅक्सच्या ‘डायर्ड’मध्ये लहान ‘डी’ दाबल्यावर लगेच काहीच पुसले जात नाही. त्या फाईलवर फक्त ‘पुसायची आहे’ अशी खूण होते, आणि नंतर ‘एक्स’ दाबल्यावर खूण केलेल्या सगळ्या फाईली एकदम जातात.

म्हणजे एकाच बटणाचे तीन अर्थ: बनव, पूस, खूण कर. प्रत्येक अर्थ आपापल्या जागी ठीक आहे. डिरेक्टरीचा ‘डी’, डिलीटचाही ‘डी’. पण एकच माणूस तिन्ही साधने वापरतो तेव्हा हे तीन अर्थ एकाच बोटावर येऊन बसतात.

‘एस’चेही तसेच. विमच्या जुन्या आणि नावाजलेल्या ‘नर्डट्री’मध्ये ‘एस’ फाईल शेजारी उघडतो. नेटआरडब्ल्यूमध्ये तोच ‘एस’ यादीचा क्रम बदलतो, नावानुसार, वेळेनुसार किंवा आकारानुसार. इथे नुकसान नाही. पण यादी अचानक उलटसुलट झाली की आपण काय शोधत होतो तेच विसरायला होते.

एंटरसारखे साधे बटणही यातून सुटलेले नाही. व्हीएस कोडच्या फाईल यादीत विंडोजवर एंटर दाबले की फाईल उघडते. मॅकवर त्याच व्हीएस कोडमध्ये, त्याच यादीत एंटर दाबले की फाईलचे नाव बदलण्याची चौकट येते. मॅकच्या फाइंडरमध्ये तसेच आहे, म्हणून इथेही तसे. ऑफिसात विंडोज आणि घरी मॅक असलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

हे असे झाले कसे?

कारण बहुतेक शॉर्टकट कोणी विचारविनिमय करून ठरवलेले नाहीत. त्या त्या वेळी समोर जे यंत्र होते त्यावरून ते पडले.

विममध्ये कर्सर डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे नेण्यासाठी ‘एच, जे, के, एल’ ही बटणे आहेत. का? बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कले विद्यापीठात विमचा पूर्वज ‘व्हीआय’ लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर ‘एडीएम-३ए’ नावाचे टर्मिनल होते. त्यावर बाणांची वेगळी बटणे नव्हती. बाण याच चार अक्षरांच्या बटणांवर छापलेले होते. ते टर्मिनल कधीच इतिहासजमा झाले, पण त्याची चार बटणे आजही कोट्यवधी रुपयांचा कोड लिहिणाऱ्या बोटांखाली आहेत.

ऐंशीच्या दशकात प्रत्येक कंपनीचे आपापले राज्य होते. वर्डस्टारमध्ये ‘कंट्रोल+एस’ म्हणजे कर्सर एक अक्षर डावीकडे. आज तेच ‘सेव्ह’ आहे. वर्डपर्फेक्टच्या डॉस आवृत्तीत मदत हवी असेल तर ‘एफ३’ दाबायचे, ‘एफ१’ नव्हे. हा गोंधळ आवरण्यासाठी आयबीएमने १९८७मध्ये ‘कॉमन युजर ॲक्सेस’ ही नियमावली काढली. ‘एफ१’ म्हणजे मदत आणि ‘ऑल्ट+एफ४’ म्हणजे खिडकी बंद, हे आज आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते ते त्या वळणामुळे.

दुसरे नाव लॅरी टेस्लर यांचे. कट, कॉपी, पेस्ट या कल्पनेचे श्रेय त्यांना दिले जाते. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून ते ॲपलमध्ये गेले. १९८३च्या ‘लिसा’ संगणकावर अनडू, कट, कॉपी, पेस्टसाठी ‘झेड, एक्स, सी, व्ही’ ही शेजारशेजारची बटणे आली. पुढे विंडोजनेही कंट्रोलसोबत तीच घेतली. एकाच बटणाने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे काम करावे, याला टेस्लर यांचा आयुष्यभर विरोध होता. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असे होते.

पेस्टसाठी ‘व्ही’ का, हे आपल्यापैकी कितींना सांगता येईल? तरीही ते कुणी विसरत नाही. कारण ते सगळीकडे तेच आहे. माझ्या मते शॉर्टकटबद्दलचा सगळ्यात मोठा धडा हाच. बटण अर्थपूर्ण असले तर चांगलेच, पण सगळीकडे एकच असणे त्याहून महत्त्वाचे.

‘तुम्हाला खात्री आहे का?’ असे विचारले की पुरेसे नाही का?

नाही. माझ्यासमोरही तो प्रश्न आलाच होता. मॅकिन्टॉश प्रकल्पाची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २०००मध्ये आलेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे. खात्री विचारणारा प्रश्न वारंवार आला की त्याचे उत्तरही सवयीचा भाग होते. ‘पुसा’ आणि ‘हो’ या दोन कृती राहत नाहीत, दोन्ही मिळून एकच होते. खरी सुरक्षा म्हणजे केलेले परत फिरवता येणे.

व्हीएस कोडमध्ये पुसलेली फाईल मुळातच रीसायकल बिनमध्ये जाते. नेटआरडब्ल्यूमध्ये ती थेट जाते. म्हणून पहिला सल्ला शॉर्टकटबद्दलचा नाहीच: तुमच्या साधनात ट्रॅशची सोय असेल तर ती आजच चालू करा.

एकमत कुठे झाले आहे?

चित्र अगदीच निराशाजनक नाही. विमच्या जगात नाव टाइप करून फाईल शोधणारी तीन प्रसिद्ध साधने आहेत: ‘कंट्रोलपी’, ‘एफझेडएफ’ आणि ‘टेलिस्कोप’. ती वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात लिहिली. पण तिन्हींत ‘कंट्रोल+एक्स’ दाबले की फाईल वर-खाली विभागलेल्या चौकटीत उघडते, ‘कंट्रोल+व्ही’ने शेजारी उघडते आणि ‘कंट्रोल+टी’ने नव्या टॅबमध्ये. एनव्हिमट्रीनेही हीच तीन बटणे ठेवली आहेत. ‘व्ही’ म्हणजे व्हर्टिकल, ‘टी’ म्हणजे टॅब. ‘एक्स’ला तसा काही अर्थ नाही. पण सगळे तेच वापरतात, म्हणून तेच बरोबर.

एक फोल्डर वर जाण्यासाठी ‘-’ हे दुसरे एकमत. नेटआरडब्ल्यू, ‘डर्विश’, ‘ऑइल’, एनव्हिमट्री या सगळ्यांत हेच बटण चालते.

विमबाहेर ‘कंट्रोल+पी’ हे असेच स्थिरावले आहे. सबलाइम टेक्स्ट, व्हीएस कोड, अगदी क्रोम ब्राउझरची डेव्हलपरसाठीची खिडकीसुद्धा ‘कंट्रोल+पी’ दाबल्यावर फाईलचे नाव विचारते. व्हीएस कोडमध्ये आणखी एक चांगली गोष्ट आहे. विंडोजवर बाजूची यादी असो वा ‘कंट्रोल+पी’ची चौकट, ‘कंट्रोल+एंटर’ दाबले की फाईल शेजारीच उघडते. जागा दोन, बटण एक. सातत्य म्हणतात ते हेच.

आपली बटणे कशी निवडायची?

त्या रात्रीनंतर मी एक रविवार यावर घालवला. त्यातून हाती आलेली पद्धत अशी.

पहिले, बटणांची नव्हे तर कृतींची यादी करा. फाईल उघडणे, शेजारी उघडणे, खाली उघडणे, नव्या टॅबमध्ये उघडणे, एक फोल्डर वर जाणे, नवी फाईल करणे, नवे फोल्डर करणे, नाव बदलणे, पुसणे. नऊ कृती. एका कागदावर उभ्या लिहा. वर आडवी तुमच्या साधनांची नावे लिहा आणि प्रत्येक चौकटीत आत्ता कोणते बटण आहे ते भरा. माझ्या तक्त्यात नऊपैकी सहा ओळींत दोन किंवा तीन वेगवेगळी बटणे निघाली. गोंधळ पहिल्यांदा डोळ्यांना दिसला.

दुसरे, ज्या ओळीत बहुमत आहे तिथे बहुमत माना. चार साधनांपैकी तीन ‘कंट्रोल+व्ही’ म्हणत असतील तर चौथे बदला. आपल्याला अधिक सुंदर वाटणारे पाचवे बटण शोधू नका. याचा व्यावहारिक फायदा म्हणजे कधी सहकाऱ्याच्या किंवा ऑफिसच्या दुसऱ्या यंत्रावर बसावे लागले तर तिथेही बहुतेक बटणे तीच सापडतात.

तिसरे, बदलण्यापूर्वी ते बटण रिकामे आहे का ते पाहा. नर्डट्रीमध्ये ‘एक्स’ला आधीच काम आहे, तो वरचे फोल्डर मिटवतो. आणि काही बटणे एडिटरपर्यंत पोहोचतच नाहीत. विंडोज टर्मिनल ‘कंट्रोल+व्ही’ स्वतःकडे घेते आणि पेस्ट करते. ते सेटिंगमध्ये जाऊन सोडवावे लागते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘कंट्रोल+एस’ने पडदा गोठू शकतो, मग ‘कंट्रोल+क्यू’ दाबावे लागते. ब्राउझरमध्ये एडिटर वापरत असाल तर ‘कंट्रोल+डब्ल्यू’ने अख्खा टॅबच बंद होतो.

चौथे, पुसण्याची कृती एका सोप्या बटणावर ठेवू नका. उघडायचे बटण हलके असावे, पुसायचे जड. शिफ्टसोबत, दोन बटणांच्या जोडीने किंवा आधी खूण आणि मग अंमल अशा पद्धतीने. ईमॅक्सचा ‘डायर्ड’ यात शहाणा आहे. ‘ऑइल’ची पद्धतही विचार करण्यासारखी आहे. त्यात फोल्डरमधल्या फाईलींची यादी हाच एक मजकूर असतो. ओळ पुसली म्हणजे फाईल पुसली, पण सेव्ह करेपर्यंत प्रत्यक्षात काही होत नाही. तोवर नेहमीचा अनडू हाताशी असतो. फाईलींसाठी नवी भाषा शिकावीच लागत नाही.

पाचवे, केलेला बदल एकाच फाईलमध्ये लिहून ठेवा. व्हीएस कोडमध्ये ‘कंट्रोल+के’ आणि लगेच ‘कंट्रोल+एस’ दाबले की शॉर्टकटची पूर्ण यादी उघडते, आणि एखादे बटण कोणत्या जागी असताना चालावे हेही ठरवता येते. विम-निओव्हिममध्ये एकेका बटणाला एकेक ओळ पुरते. लॅपटॉप बदलला तर ती फाईल सोबत न्या.

मराठीत टाइप करणाऱ्यांची वेगळी अडचण

आपल्याकडे यात आणखी एक थर आहे. विमसारख्या एडिटरमध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आदेश देण्याची वेगळी. मराठी मजकूर लिहिताना इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असतो. लिहून झाले, ‘एस्केप’ दाबले, आता कर्सर हलवायचा. पण कीबोर्ड अजून मराठीतच आहे. ‘एच, जे, के, एल’ दाबले की संगणकाला मिळते प, र, क, त. आणि ‘डी’च्या बटणावर असते अक्षराचा पाय मोडण्याची खूण. एडिटर गप्प बसतो.

यासाठी विममध्ये दोन सोयी आहेत. ‘कीमॅप’ वापरले तर लिहिताना मराठी आणि आदेश देताना आपोआप इंग्रजी, असे करता येते. ‘लँगमॅप’ वापरले तर आदेश देताना दुसऱ्या लिपीचे अक्षर आले तरी एडिटर त्यामागचे इंग्रजी बटण ओळखतो. मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने शॉर्टकट ठरवण्याआधी हे ठरवून घ्यावे, नाहीतर सगळी मेहनत पहिल्याच परिच्छेदात अडकते.

आमच्या संपादकीय विभागातल्या ज्येष्ठांना हे वेगळे सांगावे लागत नाही. रेमिंग्टनवर वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसाला इनस्क्रिप्टवर बसवले की काय होते ते त्यांनी भोगले आहे. त्यांना मराठी येत नव्हते असे नाही. त्यांच्या बोटांना येत होते ते मराठी वेगळ्या जागी होते.

‘ज्याला जे आवडेल ते ठेवावे’ असे का म्हणू नये?

या विषयावरचे सर्वांत सोपे उत्तर हेच आहे: सगळे बदलता येते ना, मग तक्रार कशाला? इंजिनीअरिंगला असताना मीही हेच म्हणायचे. आज मला ते अर्धे खरे वाटते.

बदलता येणे ही सोय आहे, पण बहुतेक लोक काहीच बदलत नाहीत. साधन जसे मिळाले तसे वापरतात. त्यामुळे मुळात दिलेले बटण हीच बहुतेकांची खरी व्यवस्था असते. जेकब नीलसन यांनी १९९४मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांमध्ये ‘सातत्य आणि प्रमाण’ हे एक आहे, आणि बेन श्नायडरमन यांच्या आठ सुवर्णनियमांतला पहिलाच नियम सातत्याचा. ही तत्त्वे इंजिनीअरिंगच्या परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ करून सोडून देण्यासाठी नाहीत.

नवे साधन लिहिणाऱ्याने बटणे ठरवताना ‘मला काय सुचते’ असे न विचारता ‘माझ्याकडे येणाऱ्याची बोटे कुठून येत आहेत’ असे विचारले पाहिजे. आधीच्या साधनात ज्या बटणाने काहीतरी तयार होत होते, त्या बटणावर पुसण्याचे काम ठेवू नये. वेगळे बटण देणे चालेल. उलटे काम देणे नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. सगळ्यांनी जुनेच धरून ठेवले तर सुधारणा कशी होणार? बाणांची बटणे आली तरी ‘एच, जे, के, एल’च चालू राहिले, हे सातत्य की हट्ट? दोन्ही. पण विमने बाणांची बटणेही चालू ठेवली. नवे आले ते जुन्याशेजारी आले, जुन्याच्या जागेवर नाही. सुधारणा अशी करता येते.

माझ्या लॅपटॉपवर आता ‘डी’ एकट्याने काहीच करत नाही. प्रत्येक फाईल ब्राउझरमध्ये ते बटण मी रिकामे ठेवले आहे. नवे फोल्डर सगळीकडे एकाच बटणाने होते, पुसायला सगळीकडे शिफ्ट लागते आणि पुसलेले सगळे ट्रॅशमध्ये जाते. हे करायला एक रविवार लागला. त्या दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा गोळा करायला चार दिवस लागले होते, आणि एका काकांनी तर दुसऱ्यांदा बोलायला सरळ नकार दिला.

तुम्ही एडिटर वापरत असाल तर तो नऊ ओळींचा कागद आज रात्रीच करा. वापरत नसाल तर घरात कोडिंग करणारे जे कोणी असेल त्याला हा लेख पाठवा आणि विचारा, ‘तुझ्याकडे डी दाबले की काय होते?’ त्याने उत्तर द्यायला क्षणभर विचार केला, तर कागद त्यालाही लागणार आहे.